आठवा स्टॉल : मूल तयार आहे, शाळा तयार आहे का?

(आंबोली इथे पालक, शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय साधा वाटेल असा आहे. घरातलं लहान मूल जूनमध्ये पहिलीत जाणार, त्याची तयारी कशी करायची? या विषयावर सल्ले भरपूर मिळतात. मूठभर सल्ले मीही शेवटी देणार आहे. पण त्याआधी मला एका गोष्टीची समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हटलं की आपण कविता-कादंबरी धरतो. मी आज एक सरकारी कार्यक्रम आणि त्यातला एक कागद धरणार आहे. कारण या कागदावर आपल्या मुलांबद्दल काहीतरी लिहिलं जातं, आणि जे लिहिलं जातं ते वाचायला आपण शिकलं पाहिजे.

हा कार्यक्रम म्हणजे शाळा पूर्वतयारी अभियान, ‘पहिले पाऊल’. महाराष्ट्रात 2022 पासून तो जिल्हा परिषदेच्या शाळांमधून चालतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्याचा मेळावा पाहिला असेल. एक मेळावा एप्रिलच्या सुमारास, दुसरा शाळा उघडताना जूनमध्ये. पताका लावतात, प्रभातफेरी काढतात, मुलांच्या डोक्यावर कागदाच्या टोप्या असतात. आणि मांडलेले असतात सात स्टॉल. पहिला नोंदणीचा. मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा विकास, गणनपूर्व तयारी, आणि सातवा पालकांना मार्गदर्शन. मूल एकेका स्टॉलवर जातं, उडी मारतं, रंग भरतं, वस्तूंचे गट करतं, चित्र बघून बोलतं, मणी मोजतं. त्याला काय जमलं ते विकासपत्रावर लिहितात. ते पत्र आईच्या हातात देतात.

आधी चांगलं ते सांगतो. पूर्वी आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाची तयारी म्हणजे जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि नवीन दप्तर. मूल कधी शाळेत पाऊल टाकायचं? थेट जूनमध्ये, रडत. या मेळाव्यामुळे मूल दोन महिने आधी शाळेच्या आवारात येतं, आईचा हात धरून येतं, आणि आलं की खेळतं. शाळेची पहिली आठवण खेळाची होते, ही काही छोटी गोष्ट नाही. दुसरं म्हणजे आयांचे गट. वाडीतल्या चार-पाच आया एकत्र बसतात, घरी करायच्या साध्या कृती त्यांना दिल्या जातात. चमचे मोज, कपड्यांच्या घड्या घाल, भाजी निवडताना गट कर. शिकवणं म्हणजे पाटी-पेन्सिलच, हा समज त्यातून थोडा तरी हलला. अंगणवाडीची ताई आणि शाळेच्या बाई एका मांडवाखाली आल्या, हे तिसरं. एरवी त्या दोघींचे विभाग वेगळे, रजिस्टरं वेगळी, आणि मूल मात्र एकच.

तर मी कार्यक्रमाच्या विरोधात बोलत नाही. मी त्याच्या रचनेबद्दल बोलतोय. सात स्टॉल मोजा. पहिल्यात नाव लिहितात. पाच स्टॉलवर मुलाला बघतात. सातव्यावर पालकांना सांगतात. शाळेला कोण बघतं? शाळा कुठल्या स्टॉलवर उभी राहते? कुठल्याच नाही. शाळा ही जणू पक्की, पूर्ण झालेली वस्तू आहे, आणि मुलाने तिच्या मापाचं व्हायचंय. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे : इथे एक आठवा स्टॉल कमी आहे. त्यावर शाळेचं विकासपत्र भरलं पाहिजे, आणि ते पालकांनी भरलं पाहिजे.

एप्रिलमधलं मूल आणि जूनमधली शाळा

हे हवेत बोलणं वाटू नये म्हणून आंबोलीचंच उदाहरण घेऊ. एप्रिलमध्ये इथे काय असतं? कोरडी हवा, मोकळं पटांगण, स्वच्छ उजेड. त्या उजेडात मूल रेषेवरून चालून दाखवतं. बाई लिहितात, तोल चांगला आहे. छान. आता जून आणा डोळ्यांसमोर. शाळा उघडतात 15 जूनच्या आसपास. पाऊस त्याच्या आगेमागे घाटात शिरलेला असतो. वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारं हे गाव. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात भिजणाऱ्या शाळांमध्ये आपली शाळा. आणि मुलाच्या शाळेच्या आयुष्याचा पहिला दिवस नेमका त्यात.

मग इथल्या मुलाची खरी तयारी कशाची लागेल? रेनकोटची बटणं स्वतः काढता येणं. ओली चप्पल कुठे ठेवायची ते माहीत असणं. चड्डी भिजली तर कोणाला सांगायचं ते ठाऊक असणं. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही तेव्हा कोणाबरोबर चालायचं ते ठरलेलं असणं. वर्गात खिडक्या बंद, वीज गेलेली, दुपारीच अंधारलेलं, आणि छपरावर पाऊस असा कोसळतोय की बाईंचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. या आवाजात सूचना ऐकू न आलेलं मूल ‘लक्ष देत नाही’ असं ठरू शकतं. त्याच्या विकासपत्रावर भाषेच्या रकान्यात काय लिहिलं जाईल? आणि छपराच्या रकान्यात? तो रकानाच नाही.

आता याहून मोठी गंमत. केंद्राने 29 जुलै 2021 ला ‘विद्याप्रवेश’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला. कल्पना चांगली आहे. पहिलीत आलेल्या मुलाला लगेच धड्यांना जुंपू नका, पहिले तीन महिने, बारा आठवडे, खेळातून शाळेची सवय होऊ द्या. नव्या शैक्षणिक धोरणात, 2020 च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, त्याच्याशी हे जुळतं. म्हणजे इथे निदान कागदावर तरी शाळेने वाकायचं आहे, मुलाने नाही. पण आपण 15 जूनपासून बारा आठवडे मोजू. सप्टेंबरचा पहिला आठवडा येतो. मोकळ्या जागेतल्या खेळांसाठी दिलेले तीन महिने आंबोलीत नेमके ते आहेत, जेव्हा मोकळी जागा पाण्याखाली असते. ज्यांनी हे आखलं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पाऊस नव्हता, इतकंच. पण म्हणूनच आठवा स्टॉल गावात लागतो. आमच्या शाळेत या बारा आठवड्यांत मुलं कुठे खेळणार? व्हरांडा किती रुंद आहे? समाजमंदिर मिळेल का? हा प्रश्न गावाबाहेरचं कोणीही आपल्यासाठी विचारणार नाही.

अजून एक इथलं वास्तव. राज्यभरासाठी केलेल्या मेळाव्याच्या आखणीत एक भरलेला वर्ग गृहीत असतो. सिंधुदुर्गात किती शाळांमध्ये पहिलीचा वर्ग भरतो? कुठे तीन मुलं, कुठे दोन, कुठे एकच. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा आपल्या जिल्ह्यात केवढी काळजी पसरली हे तुम्ही जाणता. अशा शाळेत पहिलीचं मूल एकटं बसत नाही, ते दुसरी-तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर एका खोलीत बसतं. त्याची तयारी वेगळी. त्याला बरोबरीच्या वीस मुलांत मिसळायचं नाहीये, त्याला आपल्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या मुलांमध्ये स्वतःची जागा मिळवायची आहे. यात धोका आहे, पण मोठी सोयही आहे. चौथीतली एखादी ताई या मुलाचा हात धरू शकते, त्याची बोली तिला येते, नळ कुठे आहे ते तिला माहीत असतं. शाळेने जूनच्या आधीच ती ताई ठरवून ठेवली तर अर्धं काम झालं. हे काम शाळेचं, मुलाचं नाही.

आणि वयाचं काय? आपल्याकडे पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल चालतं. म्हणजे त्याच वर्गात जानेवारीत जन्मलेलं एक मूल जूनमध्ये साडेसहाच्या घरात असतं आणि डिसेंबरमधलं साडेपाचचं. दोघांमध्ये जवळजवळ एक वर्ष. मोठ्यांना वर्ष काही वाटत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलासाठी ते आयुष्याच्या सहाव्या भागाएवढं असतं. विकासपत्रं शेजारी शेजारी ठेवून ‘बघ, शेजारच्या चेडवाक सगळा येता’ म्हणण्याआधी दोन्ही जन्मतारखा बघा.

भाषेचा स्टॉल

आता मी त्या स्टॉलकडे येतो जिथे मला सगळ्यात जास्त खटकतं. भाषा विकास. मुलाला चित्र दाखवतात आणि बोलायला सांगतात. स्वतःचं नाव सांग, घरात कोण कोण आहे सांग.

आंबोलीतलं मूल कुठली भाषा घेऊन येतं? खाली सावंतवाडीकडची मालवणी, वर आजऱ्याकडची बोली, दोन्हींचं मिश्रण. त्याच्या घरात आई ‘आवस’ असते आणि वडील ‘बापूस’. ‘कुठे’ला ते ‘खंय’ म्हणतं, ‘का’ला ‘कित्याक’. त्याला पाणी ‘हवं’ नसतं, ‘होया’ असतं. हे मूल सहा वर्षांत हजारो वाक्यं बोललेलं आहे. भांडलेलं आहे, खोटं बोललेलं आहे, आजीची नक्कल केलेली आहे. भाषेचा विकास याहून वेगळा काय असतो? आणि मग टेबलापलीकडून प्रश्न येतो, ‘तुझ्या वडिलांचं नाव काय?’ मूल गप्प. तोच प्रश्न ‘तुज्या बापाशीचा नाव काय?’ असा विचारा. नाव, आडनाव, बापूस कुठल्या हॉटेलात कामाला आहे आणि काल किती वाजता घरी इलो, सगळं सांगेल.

पहिल्या गप्प बसण्याचं विकासपत्रावर काय होतं? ‘मदतीची गरज’. गरज आहे हे खरंच. पण कोणाला? माझं म्हणणं, त्या टेबलावरच्या माणसाला.

आपण 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नाही यावर राज्यभर भांडलो. एप्रिलमध्ये निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला, आणि जूनच्या शेवटी मागे घेतला गेला. लहान मुलांवर भाषांचं ओझं नको, असं दोन्ही बाजूंची कितीतरी माणसं बोलली. बरोबरच बोलली. इंग्रजी तर 2000 सालापासून पहिलीत आहेच. पण या सगळ्या मोजणीत एक गोष्ट कोणी फारशी मोजली नाही. मराठी पहिली, इंग्रजी दुसरी, हिंदी तिसरी, अशी ही मोजणी. आंबोलीच्या मुलासाठी पुस्तकातली मराठीच दुसरी आहे. त्याची पहिली भाषा वेळापत्रकात नाही.

मालवणी आपण विसरलो आहोत का? नाही. मालवणीचं कौतुक आपण भरपूर करतो. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ 1980 मध्ये रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते हजारो प्रयोगांपर्यंत नेलं, लंडनपर्यंत नेलं. मालवणीला त्या नाटकाने मान मिळवून दिला, हे कोणी नाकारणार नाही. पण एक कोडं बघा. तीच मालवणी रंगमंचावर आली की टाळ्या, आणि वर्गात सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आली की हशा. मुलाला ‘वस्त्रहरण’ ठाऊक नसतं. त्याला फक्त एवढं कळतं की मी बोललो आणि सगळे हसले. पुढच्या वेळी ते बोलत नाही. शाळेतलं गप्प मूल बहुतेकदा असं तयार होतं. घरात वटवटणारं पोर शाळेत मुकं का, हे कोडं पालकांना पुढे वर्षभर सुटत नाही.

याची उलट बाजूही सांगतो. काही पालक मुलं शाळेत मागे पडू नयेत म्हणून घरातली मालवणी बंद करतात. आजीला सांगतात, त्याच्याशी ‘शुद्ध’ बोल. आजीला ते जमत नाही, म्हणून आजी कमी बोलते. म्हणजे आधी जे मूल दिवसाला शंभर गोष्टी ऐकायचं ते आता वीस ऐकतं. ही तयारी नाही, ही वजाबाकी आहे. भाषा वाढते ती भरपूर आणि मनापासून बोलण्यातून. आजीच्या बोलीत ऐकलेल्या गोष्टीवर उद्या पुस्तकातली मराठी सहज चढते. रिकाम्या जागेवर काही चढत नाही.

आणि ज्ञानाचंही तेच. चित्रतक्त्यावर ‘इ’ला इमारत असते. आंबोलीच्या मुलाने किती इमारती पाहिल्यात? पण हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात ज्या छोट्या माशाची नवी जात 2020 मध्ये नोंदली गेली आणि ज्याच्यासाठी ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसास्थळ झाली, तिथे डोकावून मासे बघणारी मुलं इथलीच. पावसाळी रात्री बेडकांचे वेगवेगळे आवाज ओळखणारी मुलं इथलीच. बौद्धिक विकासाच्या स्टॉलवर वर्गीकरण करायला प्लॅस्टिकचे लाल-पिवळे ठोकळे ठेवतात. तिथे चार प्रकारची पानं आणि चार प्रकारच्या बिया ठेवल्या तर हेच मूल बाईंना शिकवील.

कोसबाडने काय केलं होतं

आता कोणी म्हणेल, टीका सोपी असते, करून कोणी दाखवलं? कोकणाच्याच दुसऱ्या टोकाला, डहाणूजवळ, करून दाखवलेलं आहे, आणि तेही आपल्या जन्माच्या आधी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. गिजुभाईंनी 1920 मध्ये तिथे बालमंदिर काढलं. 1926 मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीबाईंची पद्धत भारतात आणणाऱ्यांपैकी हे लोक. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीची साधनं महाग, आणि बालमंदिरं शहरातल्या सुखवस्तू घरांसाठी. म्हणून 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

बोर्डीला बालवाडी उघडली, आणि आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. आता हा क्षण महत्त्वाचा आहे. आपण काय म्हणालो असतो? पालक जागरूक नाहीत, मुलांना सवय नाही, प्रबोधन करा. त्यांनी बालवाडी उचलली आणि वस्तीच्या अंगणात नेऊन मांडली. आज आपण ‘अंगणवाडी’ म्हणतो ना, त्या शब्दामागे हे अंगण आहे. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच्या किती तरी वर्षं आधीचं. महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पानं आली. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून येत नाही? मग भावंडाला घेऊन ये, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. त्याला त्यांनी विकासवाडी म्हटलं.

बघा, प्रत्येक वेळी अडचण मुलाच्या बाजूला दिसत होती, आणि प्रत्येक वेळी त्यांनी उत्तर शाळेच्या बाजूला शोधलं. हे मी भक्तिभावाने सांगत नाही. कुरणशाळेसारखे प्रयोग माणसांच्या जिवावर चालतात, माणसं थकली की प्रयोग थांबतात. आणि तिथल्या सगळ्या गोष्टी जशाच्या तशा इथे आणता येणार नाहीत, आणायचीही गरज नाही. आपण त्यातून प्रश्न विचारायची दिशा तेवढी घ्यायची. विचित्र असं की आपण त्यांचा शब्द घेतला, अंगण घेतलं, आणि दिशा मात्र उलटी केली. अंगणवाडी आता पहिलीची पूर्वतयारी करून देणारी जागा झाली.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मध्येही हेच आहे. ते पुस्तक चौथीच्या वर्गाचं आहे, पण त्यातला पहिला दिवस पहिलीच्या बाईंनीही वाचावा. शिक्षक मोठी तयारी करून वर्गात जातो, शांततेचा खेळ घेतो, आणि मुलं त्याचा पार फज्जा उडवतात. तो मुलांना घरी सोडतो. रात्री तो मुलांना दोष देत बसत नाही, स्वतःची योजना बदलतो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला लागतो. नापास कोण झालं, हे तिथे स्पष्ट आहे.

आणि हे काही आपल्यापुरतं नाही. अमेरिकेने 1990 च्या सुमारास राष्ट्रीय ध्येय ठरवलं की 2000 सालापर्यंत प्रत्येक मूल शिकायला तयार होऊनच शाळेत येईल. त्यावर टीका झाली, की तयारी फक्त मुलाची का मोजता? त्याच ध्येयांवर देखरेख करणाऱ्या मंडळाला 1998 मध्ये ‘तयार शाळा’ या विषयावर वेगळा अहवाल काढावा लागला. आता युनिसेफही तीन गोष्टी एकत्र धरते : तयार मूल, तयार कुटुंब, तयार शाळा. आपल्या मेळाव्यात यातल्या दोन आहेत. तिसरी राहिली.

आठव्या स्टॉलवर काय ठेवायचं

मी फार मोठं काही मागत नाही. एक टेबल, एक कागद, सहा-सात ओळी. एप्रिलच्या मेळाव्यात पालक शाळेला विचारतील आणि लिहून घेतील. जूनच्या मेळाव्यात तोच कागद पुन्हा काढतील.

पहिली ओळ : पहिल्या आठवड्यात मुलाशी त्याच्या बोलीत बोलणारं शाळेत कोण आहे? बाई बदलून घाटमाथ्यावरून आलेल्या असतील तर हरकत नाही, ताई असेल, मदतनीस असेल, चौथीतली मुलगी असेल. पण नाव लिहा. दुसरी : पाणी कुठे, संडास कुठे, त्याला कडी मुलाच्या हाताला लागते का, आणि आत पाणी असतं का? तिसरी : ओले कपडे आणि छत्र्या कुठे ठेवणार, सुका जोड ठेवायला जागा आहे का? चौथी : खूप पाऊस लागला की वर्गात काय करणार, आणि शाळा लवकर सोडली तर लहान मुलाला एकटं सोडणार नाही ना? पाचवी : रडणाऱ्या मुलाच्या आईला पहिले काही दिवस वर्गात किंवा व्हरांड्यात बसू देणार का? सहावी : पहिले बारा आठवडे खरंच खेळाचे आहेत, की जुलैतच वही तपासायला लागणार?

यात पैसा फारसा लागत नाही. लागते ती विचारायची हिंमत. कारण आपल्याला सवय आहे की शाळा विचारते आणि पालक उत्तर देतात. शिक्षकांवर हे अन्याय करणारं आहे का? मला वाटतं, उलट. दोन शिक्षकांच्या शाळेत कडी दुरुस्त करायला पैसे नाहीत, हे त्या कागदावर पालकांच्या सहीने लिहिलं गेलं, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात एक आधार येतो. आज सगळी कमतरता मुलाच्या नावावर नोंदली जाते, म्हणून शिक्षकांची अडचणही कुठेच दिसत नाही.

एक कायद्याची गोष्ट यात जोडतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कुठलीही चाचणी घेता येत नाही. विकासपत्र ही प्रवेशाची परीक्षा नाही, कोणी तसं भासवलं तर ऐकून घेऊ नका. त्याच कायद्याच्या कलम 17 ने मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली आहे. म्हणून घरी ‘थांब, शाळा चालू होऊ दे, मग बाई बघतील तुझ्याकडे’ हे म्हणणं थांबवा. जी शिक्षा शाळेला देता येत नाही तिची भीती आपण घरबसल्या कशाला घालायची?

आणि घरी काय करायचं?

तुम्ही त्यासाठी आलात, म्हणून थोडक्यात.

मुलाला जूनच्या आधी दोन-तीनदा शाळेपर्यंत चालवत न्या, आणि त्यातला एक दिवस पावसाचा असू द्या. डबा उघडणं, चप्पल घालणं, चड्डी वर-खाली करणं, हात धुणं हे त्याचं त्याला करू द्या. वेळ लागेल, लागू द्या. नाडीपेक्षा इलास्टिक बरं. तीन वाक्यं त्याला न लाजता सांगता आली पाहिजेत : ‘माका पाणी होया’, ‘माका भायर जावचा आसा’, ‘माज्या पोटात दुखता’. मालवणीतच. बाईंना कळतील. नाही कळली तर त्या शिकतील. मोठी माणसं लवकर शिकतात.

सोडून येताना गुपचूप पळ काढू नका. मूल वळून बघतं आणि आई नसते, याने रडणं लांबतं आणि विश्वास तुटतो. सांगून निघा, आणि परत कधी येणार ते त्याच्या घड्याळात सांगा. ‘बारा वाजता’ त्याला कळत नाही. ‘शाळेत भात खाऊन झालो की मी इलंय’ हे कळतं. मग त्या वेळेला खरंच तिथे उभ्या राहा. घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं’ हा प्रश्न आठवडाभर विचारू नका. ‘कोणाशेजारी बसलंस’ विचारा. अक्षरं येत नाहीत म्हणून मे महिना वाया घालवू नका. मे महिना आंब्या-फणसाचा आहे, आजोळचा आहे. आजीकडून गोष्टी ऐकणं ही भाषेची तयारी आहे, आणि काजू-बिया मोजून वाटणं ही गणिताची.

एवढं करूनही मूल पहिले आठ दिवस रडेल. रडू दे. अनोळखी जागी रडणं हे तयारी नसल्याचं लक्षण नाही, घर नीट ओळखीचं असल्याचं आहे. शाळेने ते रडणं कसं घेतलं, हे मात्र आठव्या स्टॉलच्या कागदावर शेवटच्या ओळीत जरूर लिहा.

पुढचा मेळावा येईल तेव्हा शाळेत जाऊन एवढंच म्हणा, की एक टेबल आम्ही आमचं मांडतो. टेबल नसेल तर बाक चालेल. आता मी थांबतो. सेविका ताईंनी मघापासून हात वर केलाय, पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.